हार्वे कुशिंग

बारामतीहून नीरेकडे जाताना वाटेत पणदरे हे गाव लागते. गळीत हंगामात त्या बाजूच्या रस्त्यांवर उसाने भरलेल्या बैलगाड्या तुम्ही पाहिल्या असतील. समजा, अशा गाडीवरून एखादा माणूस खाली पडला आणि त्याच्या डोक्याला मार लागला. दवाखान्यात डॉक्टर काय करतील? त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजतील आणि मनगट धरून नाडी पाहतील. मार डोक्याला आणि तपासणी हाताची! याचे तुम्हांला नवल वाटेल. यामागचे कारण ज्यांनी दाखवून दिले, त्या डॉक्टरांची ही हकीकत आहे.

हार्वे कुशिंग यांचा जन्म 8 एप्रिल 1869 रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात झाला. त्यांचे वडील, आजोबा आणि पणजोबाही डॉक्टर होते. कुशिंग हार्वर्ड विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकू लागले. त्या काळी शस्त्रक्रियेच्या वेळी ईथर हुंगवून भूल देण्याचे काम विद्यार्थ्यांकडे असे. एके दिवशी कुशिंग भूल देत असताना रुग्ण दगावला. ते इतके खचले, की शिक्षण सोडून द्यावे असे त्यांना वाटू लागले. पण ते गेले नाहीत. कॉडमन नावाच्या मित्राबरोबर त्यांनी 1894 मध्ये एक तक्ता सुरू केला. भूल दिलेल्या रुग्णाची नाडी आणि श्वास थोड्या थोड्या वेळाने त्यावर लिहायचा. नाडी बिघडू लागली, की ते वेळीच कळे.

1896 मध्ये ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. हॉल्स्टेड यांच्या हाताखाली निवासी डॉक्टर झाले. निवासी म्हणजे रुग्णालयातच राहणारा. रात्र असो वा दिवस, हाक आली की धावायचे. लग्नही करायचे नाही, अशी अपेक्षा असे. हॉल्स्टेड पुष्कळदा गैरहजर असत. मग सारा भार शिष्यावर पडे. एकदा तर कुशिंग यांच्याच आंत्रपुच्छाला सूज आली आणि गुरूंनी शिष्यावर शस्त्रक्रिया केली! अशी चार वर्षे गेली.

1900 मध्ये ते युरोपला गेले. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे त्यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. कवटी ही बंद पेटीसारखी असते. तिच्यात रक्त साचले, तर मेंदू दाबला जातो. अशा वेळी रक्तदाब वाढतो आणि नाडी मंदावते, हे कुशिंग यांनी दाखवून दिले. पुढे इटलीत त्यांनी रक्तदाब मोजण्याचा दंडाचा पट्टा पाहिला आणि 1901 मध्ये तो अमेरिकेत नेला. आता समजले ना, पणदऱ्याच्या माणसाचा दंड का तपासतात?

कवटीच्या जखमांविषयी अंदलुसच्या अल-जहरावी यांनी हजार वर्षांपूर्वीच लिहिले होते. पण मेंदूतील गाठ काढणे मोठे जोखमीचे काम होते. अनेक रुग्ण रक्तस्रावाने दगावत. कुशिंग घाई करीत नसत. तासन् तास उभे राहून एकेक रक्तवाहिनी बंद करीत. त्यासाठी 1911 मध्ये त्यांनी चांदीचे बारीक चिमटे वापरात आणले. पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, ते जखमी सैनिकांच्या मेंदूत रुतलेले लोखंडाचे तुकडे लोहचुंबकाने काढीत. तीन महिन्यांत मृत्यूचे प्रमाण शेकडा 54 वरून 29 पर्यंत उतरले. 1931 पर्यंत त्यांनी 2000 गाठींवर शस्त्रक्रिया केल्या होत्या. प्रत्येक रुग्णाची नोंद ते ठेवीत आणि शस्त्रक्रियेची चित्रे स्वतः काढीत.

बोस्टनमध्ये त्यांच्याकडे शिकायला देशोदेशींचे डॉक्टर येत. मदतनिसाची चूक झाली, की कुशिंग फार कठोर बोलत. हा त्यांचा दोषच म्हटला पाहिजे. तरीही शिकणारे टिकून राहत. त्यांच्या हाताखाली काही काळ काम केलेले पेनफील्ड पुढे कॅनडात नामवंत झाले. पेनफील्ड यांच्याकडे शिकलेले डॉ. जेकब चांडी यांनी 1949 मध्ये वेल्लोर येथे भारतातील पहिला मेंदू-शस्त्रक्रिया विभाग सुरू केला. मुंबईत हे काम डॉ. राम गिंडे यांनी उभे केले. आज या विषयाचे शिक्षण घ्यायचे, तर एम.बी.बी.एस. आणि एम.एस. झाल्यावर आणखी तीन वर्षे निवासी डॉक्टर म्हणून राबावे लागते.

7 ऑक्टोबर 1939 रोजी कुशिंग हृदयविकाराने वारले. मृत्यूनंतर त्यांचा मेंदू तपासला, तेव्हा त्यातही एक लहानशी गाठ सापडली. तिचा त्रास त्यांना कधी जाणवला नव्हता.