तंजावरच्या कामाक्षीबाई राणीसाहेब

राज्य गमावलेल्या राण्यांपैकी झाशीच्या लक्ष्मीबाईंचे चरित्र आपल्या मुलांना पाठ असते. त्याच काळात दुसरी एक मराठी राणी आपल्या हक्कासाठी झगडत होती आणि तिचे रणांगण होते आपले चेन्नई, म्हणजे तेव्हाचे मद्रास. तंजावरच्या कामाक्षीबाई राणीसाहेबांचे हे स्मरण हीरकमहोत्सवी अंकात उचित ठरावे.

शिवछत्रपतींचे बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तंजावरात भोसले घराण्याची गादी स्थापिली. १७९९ च्या तहान्वये सरफोजीराजांनी राज्यकारभार कंपनी सरकारकडे सोपविला. किल्ला व महसुलाचा पाचवा हिस्सा राजांकडे राहिला. त्यांचे पुत्र शिवाजीराजे २९ ऑक्टोबर १८५५ रोजी निवर्तले. त्यांना पुत्र नव्हता. कंपनीने गादी संपुष्टात आल्याचे ठरविले आणि पुढील वर्षी कमिशनर फोर्ब्स यांनी सैन्याच्या पहाऱ्यात राजवाड्यातील संपत्तीवर मोहरा लावल्या. दौलतीबरोबर राजांची खाजगी मालमत्ताही जप्त झाली.

राजांच्या अनेक राण्यांमध्ये कामाक्षीबाई ज्येष्ठ होत्या. पतीच्या खाजगी मालमत्तेवर विधवेचा वारसाहक्क असतो, या भूमिकेवरून त्यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात कंपनीविरुद्ध दावा लावला. जॉन ब्रूस नॉर्टन या इंग्रज वकिलांनी त्यांची बाजू मांडली. ज्या सत्तेने घराला कुलूप घातले, तिच्याच न्यायासनापुढे तिला जाब विचारणे, हे धैर्य असामान्य होते. त्याहून विलक्षण असे की, न्यायालयाने राणीसाहेबांच्या बाजूने निवाडा दिला.

हा विजय टिकला नाही. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. १८५९ मध्ये तेथे निर्णय फिरला. जप्ती हे राज्यसत्तेचे कृत्य असल्याने ते न्याय्य की अन्याय्य हे पाहण्याचा अधिकारच न्यायालयाला नाही, असे ठरले. राणीसाहेबांचा हक्क खोटा ठरला नव्हता. तो तपासण्याचेच न्यायासनाने नाकारले होते. दैवगती याहून कठोर ती कोणती?

तरीही सारे व्यर्थ गेले नाही. १८६२ मध्ये सरकारने खाजगी मालमत्ता राण्यांना परत दिली. तिची व्यवस्था ज्येष्ठ राणी या नात्याने कामाक्षीबाईंकडे आली आणि इतर राण्यांच्या योग्य तरतुदीची जबाबदारीही त्यांच्यावर सोपविण्यात आली. जे हक्क म्हणून मागितले, ते कृपा म्हणून मिळाले. त्याच वर्षी मद्रासच्या सुप्रीम कोर्टाची जागा उच्च न्यायालयाने घेतली. राज्यसत्तेच्या कृत्याला न्यायालयात आव्हान देता येते काय, हा प्रश्न निघाला की तंजावरच्या राणीच्या या खटल्याचा दाखला आजही दिला जातो.

सरफोजीराजांनी समृद्ध केलेले सरस्वती महाल ग्रंथालय त्याच राजवाड्यात होते. १९१८ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. तेथील संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखितांचे भांडार या भूमीवर मराठी किती खोल रुजली आहे, याची साक्ष देते.

लक्ष्मीबाईंच्या हाती तलवार होती, कामाक्षीबाईंच्या हाती अर्जाचा कागद. तलवारीचे पोवाडे होतात, कागद दप्तरात पडून राहतो. ज्या नगरीत आपली मुले मराठीतून शिकतात, त्याच नगरीत एका मराठी स्त्रीने सत्तेपुढे कायद्याच्या भाषेत आपला हक्क मांडला होता, हे त्यांना सांगावे. पराभव ठाऊक असूनही तिचे नाव आदराने घ्यावे.