मुरंब्याला बक्षीस, चित्रं मात्र तशीच परत : मोझेस आजींची गोष्ट

सगळं जग ज्यांना ‘ग्रँडमा मोझेस’ म्हणून ओळखतं, त्या चित्रकार आजींनी मनापासून ब्रश हातात घेतला तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. तोवर हातात काय होतं? तर खराटा, रवी, सुई.

मूळ नाव ॲना मेरी रॉबर्टसन. जन्म ७ सप्टेंबर १८६० रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीनिच गावी, शेतकऱ्याच्या घरात. दहा भावंडं. वडील मुलांना कोरा कागद आणून द्यायचे, त्यावर ही पोरगी द्राक्षाच्या रसाने रंग भरायची. पण बाराव्या वर्षीच ती लोकांच्या घरी कामाला लागली आणि पंधरा वर्षं तेच चाललं. १८८७ साली थॉमस मोझेस या शेतमजुराशी लग्न झालं. व्हर्जिनियात कसायला घेतलेल्या शेतावर लोणी विकलं, बटाट्याच्या काचऱ्या तळून विकल्या. दहा बाळंतपणं झाली. जगली पाच मुलं.

१९०५ साली कुटुंब ईगल ब्रिजला परतलं. १९२७ मध्ये नवरा गेला. मग लोकरीच्या धाग्यांनी चित्रं भरण्यात आजींचा वेळ जायचा, पण संधिवाताने सुई धरवेना. ब्रश धरायला सोपा, रंगवून बघ, असं बहिणीने सुचवलं. हार्डबोर्डाला तीन हात पांढरा रंग द्यायचा, आधी आकाश, मग डोंगर, मग शेतं आणि शेवटी माणसं. वरून खाली. शिकवायला कोणी नव्हतं. जत्रेतल्या प्रदर्शनात मुरंब्याबरोबर चित्रंही पाठवली, तर बक्षीस मुरंब्याला!

१९३८ साली हूसिक फॉल्स गावातल्या औषधाच्या दुकानात लुई काल्डोर या न्यूयॉर्कच्या इंजिनिअरने ती चित्रं पाहिली आणि सगळी विकत घेतली. लहान चित्र ३ डॉलर, मोठं ५. तो घरी आला तेव्हा आजी नव्हत्या. सुनेने आणखी दहा आहेत म्हणून सांगून टाकलं. मोजली तर नऊच. आजींनी एक मोठं चित्र मधोमध कापलं, दहा केली. सुनेचा शब्द राहिला!

काल्डोर ती घेऊन गॅलऱ्यांच्या पायऱ्या झिजवत राहिला. इतक्या म्हाताऱ्या चित्रकारावर पैसा कशाला लावायचा, असा दलालांचा हिशेब. धंद्याच्या दृष्टीने चुकीचा नव्हता म्हणा, पण आजी त्यानंतर २३ वर्षं जगल्या. १९४० च्या ऑक्टोबरात ऑटो कालिर यांच्या गॅलरीत पहिलं स्वतंत्र प्रदर्शन भरलं. पुढच्याच महिन्यात गिंबेल्स या मोठ्या दुकानाने बोलावलं, तर आजी तिथे चित्रांपेक्षा मुरंब्याविषयीच जास्त बोलल्या.

१९४९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या हस्ते सन्मान झाला. शंभरी ओलांडल्यावरही काम थांबलं नाही. १३ डिसेंबर १९६१ रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी त्या गेल्या. मागे दीड हजारांवर चित्रं. त्यातलं ‘शुगरिंग ऑफ’ हे एकच चित्र २००६ च्या लिलावात १२ लाख डॉलरना गेलं.