नाना शंकरशेट आणि फाटकावरील नाव

मुंबईच्या भुयारी मेट्रोचा शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये खुला झाला. त्या मार्गावर मुंबई सेंट्रलनजीकच्या स्थानकास जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव दिलेले आहे. तेथील फाटके यंत्राची आहेत. तिकीट दाखविल्यावाचून ती उघडत नाहीत आणि उघडली तरी क्षणात मिटतात. त्या घाईत वरची पाटी वाचावयास सवड कोणास? आमच्या परिचयाच्या एका व्यापारी गृहस्थांनी, हे शेट कोणत्या पेढीचे, असे आम्हांस निःशंकपणे विचारले. त्यांना दोष देण्यापेक्षा नानांचे चरित्र येथे थोडक्यात सांगणे आम्हांस अधिक बरे वाटते.

नानांचा जन्म १८०३ सालचा. मुरकुटे हे दैवज्ञ घराणे मूळचे ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे. व्यापारात त्याने मुंबईस मोठी संपत्ती मिळविली. अशा घरचा मुलगा पेढी सांभाळून स्वस्थ बसता, तरी कोणी नावे ठेविली नसती. नानांनी मात्र शिक्षणकार्यात लक्ष घातले, सतीबंदीचा पक्ष घेतला आणि मुलींच्या शाळेस स्वतःच्या वाड्यात जागा दिली. मुलगी शिकली की घर बुडाले, अशी समजूत भल्याभल्यांची होती, त्या काळची ही गोष्ट आहे.

आगगाडीची कल्पना येथे निघाली तेव्हा पुष्कळांस ती वेडगळ वाटली. नानांस तसे वाटले नाही. १८४५ साली जमशेटजी जीजीभाई प्रभृतींसह त्यांनी त्यासाठी मंडळी उभी केली. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनी निघाली, तेव्हा तिच्या येथील संचालकांत एतद्देशीय दोघेच, ते म्हणजे जमशेटजी व नाना. कंपनीची कचेरी प्रथम नानांच्याच वाड्यात होती. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास एकवीस तोफांची सलामी होऊन तीन इंजिनांची गाडी बोरीबंदराहून ठाण्यास निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, एकवीस मैलांचे अंतर. त्या मंडळींत नाना होते. कंपनीने त्यांस पहिल्या वर्गाचा सोन्याचा पास दिला. तो ज्याच्या हाती, त्यास कोणते फाटक अडविणार?

येथे आम्हांस एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. १८४९ च्या कराराने या कंपनीच्या भांडवलास शेकडा पाच व्याजाची हमी मिळाली. नफा झाला तर भागीदारांचा, तूट आली तर हिंदुस्थानच्या तिजोरीवर, असा तो व्यवहार होता. व्यवहारचतुर नानांस ही मेख दिसली नसेल, हे आम्हांस पटत नाही. परंतु त्यांची श्रद्धा रुळांवर होती, आणि रुळ कोणत्या अटींवर पडतात यापेक्षा ते पडणे त्यांस महत्त्वाचे वाटले, असा आमचा तर्क आहे. तिसऱ्या वर्गात मेंढरांसारखे कोंबलेल्या प्रजेने या हमीची किंमत पुढे कितीतरी वर्षे भरली.

तथापि नाना सरकारचे ताबेदार नव्हते. १८५२ च्या बॉम्बे असोसिएशनच्या स्थापनेत ते अग्रभागी होते, व त्या संस्थेने कंपनीच्या कारभाराची गाऱ्हाणी थेट पार्लमेंटापुढे नेली. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्यावर संशय घेण्यात आला, चौकशी झाली, पण निष्पन्न काही झाले नाही. ज्यांच्या वाड्यात कचेरी थाटली त्यांच्यावरच पाळत ठेवावी, ही राज्यकर्त्यांची रीत! पुढे १८६२ साली त्यांसच मुंबईच्या कायदेकौन्सिलात घेतले. ३१ जुलै १८६५ रोजी ते निवर्तले.

ग्रँट रोडचा नाना चौक त्यांच्याच नावाचा आहे आणि टाउन हॉलात त्यांचा संगमरवरी पुतळा आहे. रूळ १८५४ सालीच कल्याणास पोचले. तेथून मुरबाड फार दूर नाही, पण ज्या गावचे हे घराणे, तेथील मनुष्यास आगगाडीसाठी अद्यापि एसटीने कल्याण गाठावे लागते.