मार्कोनीची दुसरी वायर

गच्चीवर लांब वायर ताणलीत, एक टोक हॅम रेडिओच्या सेटला जोडलंत, तरी सिग्नल काही लांब जात नाही? मग वर नाही, खाली बघा. सेटला दोन जोडण्या लागतात: एक अँटेनाची, दुसरी अर्थिंगची. ही दुसरी वायर काय करू शकते हे जगाला दाखवलं 21 वर्षांच्या, डिग्री नसलेल्या एका मुलाने. त्याचं नाव गुलिएल्मो मार्कोनी.

जन्म 25 एप्रिल 1874चा, इटलीतल्या बोलोन्याचा. वडील जमीनदार, आई आयरिश. रेडिओलहरी त्याने शोधल्या नाहीत बरं का! त्या हर्ट्झने आधीच दाखवल्या होत्या, आपले जगदीशचंद्र बोसही कोलकात्यात त्यावर काम करत होते. मार्कोनीला एकच ध्यास होता, या लहरी लांब न्यायच्या.

1895 मध्ये घराच्या आवारात त्याने यंत्राचं एक टोक उंच खांबावर नेलं आणि दुसरं थेट जमिनीत. उडी मारायला पायाखाली जमीन लागते ना, तसंच हे. वायरीत वर जाणाऱ्या विद्युतप्रवाहालाही खाली आधार लागतो. अंतर वाढत गेलं. शेवटी भाऊ अल्फोन्सो टेकडीपलीकडे बंदूक घेऊन थांबला. सिग्नल मिळताच त्याने बार उडवला!

पुढच्याच वर्षी मार्कोनी इंग्लंडला गेला, पेटंट घेतलं. 12 डिसेंबर 1901 ला कॅनडाजवळच्या न्यूफाउंडलंडमध्ये, सोसाट्याच्या वाऱ्यात, पतंगाला बांधलेली सुमारे 150 मीटरची वायर हाच त्याचा अँटेना होता. इंग्लंडहून सुमारे 3,400 किलोमीटरवरून आलेले तीन ठिपके ऐकू आल्याचं त्याने जाहीर केलं. अनेकांना ते पटलं नाही. मग 1902 मध्ये जहाजावर त्याने सिग्नल कागदाच्या पट्टीवर उमटवूनच दाखवले. 1909 मध्ये ब्राऊनसोबत नोबेल मिळालं. 1912 मध्ये टायटॅनिकवरची माणसं वाचली ती वायरलेसमुळेच.

त्याच्या कंपनीची बीम वायरलेस यंत्रणा 1927 मध्ये आपल्याकडेही आली. पुण्याजवळ खडकीहून संदेश इंग्लंडला जायचे, तिकडचे दौंडला यायचे. मार्कोनीची दुसरी बाजूही सांगायला हवी, तो मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात होता. 20 जुलै 1937 ला तो गेला, तेव्हा रेडिओ केंद्रं दोन मिनिटं गप्प राहिली.

आता तुमची पाळी. वय 12 पूर्ण असेल तर परीक्षा देऊन हॅमचं लायसन्स मिळवता येतं. चौथ्या मजल्यावर राहता, जमीन लांब आहे? मग हॅम मंडळी जमिनीऐवजी काही वायरी पसरून ठेवतात, त्याला काउंटरपॉइज म्हणतात. विजेच्या तारांपासून मात्र लांब राहा आणि ढग गडगडायच्या आधीच अँटेना सेटपासून काढून ठेवा.