‘श्यामची आई’ : पडद्यावर न आलेला श्याम

श्यामला धाक दाखवून विहिरीत पोहायला लावणारी आई आणि शेवटी अंथरुणाला खिळलेली आई. आचार्य अत्रे यांचा १९५३ सालचा ‘श्यामची आई’ पाहिलेल्यांना ही दृश्यं विसरता येत नाहीत. वनमाला आई झाल्या होत्या, माधव वझे श्याम. देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीचं राष्ट्रपती सुवर्णपदक पहिल्यांदा दिलं गेलं, ते याच चित्रपटाला. पण ज्याची ही गोष्ट, ते साने गुरुजी चित्रपट पाहायला हयात नव्हते.

खरा श्याम कोण?

पांडुरंग सदाशिव साने. जन्म २४ डिसेंबर १८९९, दापोली तालुक्यातलं पालगड. आईचं नाव यशोदा. त्यामुळे पुस्तकात मुलाचं नाव श्याम असणं किती साजेसं, हे सहज लक्षात येतं. घराणं खोतांचं, एकेकाळी सुखवस्तू. पुढे भाऊबंदकी आली, कर्ज वाढलं, नांदतं घर सोडावं लागलं. ‘श्यामची आई’ म्हटलं की आपल्याला संस्कार आठवतात. पण पुस्तक नीट वाचलं तर ती एका कर्जबाजारी कुटुंबाचीही गोष्ट आहे. सावकाराचा तगादा, जप्ती आणि त्या अपमानाने खचत गेलेली बाई.

१९१७ मध्ये यशोदाबाई गेल्या. मुलगा तेव्हा शिक्षणासाठी घरापासून लांब होता. शेवटची भेट झालीच नाही.

पुस्तक कुठे लिहिलं?

नाशिकच्या तुरुंगात. अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधली शिक्षकाची नोकरी १९३० मध्ये सोडून गुरुजी स्वातंत्र्यलढ्यात उतरले होते. त्याआधी शाळेच्या वसतिगृहात मुलांच्या खोल्या झाडणं, कपडे धुणं ही कामं ते स्वतः करत. घरी आईने जे केलं, तेच. १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या पाच दिवसांत पुस्तकाचा बहुतेक भाग लिहून झाला. आश्रमात रोज रात्री प्रार्थनेनंतर श्याम मित्रांना आईच्या आठवणी सांगतो, अशी मांडणी. पुस्तक १९३५ मध्ये आलं.

पालगड ते पंढरपूर

पुस्तकात एक प्रसंग आहे. एका म्हाताऱ्या महार बाईला मोळी डोक्यावर चढवता येत नाही आणि शिवायचं नाही म्हणून कोणी हात लावत नाही. आई श्यामला मदतीला पाठवते. मात्र परत आल्यावर आंघोळ करायला सांगते. गुरुजींनी हा तपशील लपवला नाही, हे महत्त्वाचं. आई आपल्या काळात जिथवर जाऊ शकत होती, तिथवर गेली.

पुढचं अंतर मुलाने कापलं. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून गुरुजी महाराष्ट्रभर फिरले आणि १ मे १९४७ पासून उपोषणाला बसले. दहा दिवसांनी उपोषण सुटलं, मंदिराचं दार उघडलं. विरोध करणारे कमी नव्हते.

स्वातंत्र्यानंतरची वर्षं त्यांना जड गेली. गांधीहत्येनंतर त्यांनी २१ दिवसांचा उपवास केला. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं. भोवतालच्या परिस्थितीने मन खिन्न होत गेलं आणि ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. वय जेमतेम पन्नास. लग्न केलं नव्हतं.

मग चित्रपट?

तो आला तीन वर्षांनी आणि तोही अत्र्यांकडून! विनोदासाठी, ‘ब्रह्मचारी’सारख्या चित्रपटाच्या लेखनासाठी ओळखल्या जाणाऱ्या माणसाने असा चित्रपट काढला. चित्रपटात श्याम लहानच राहतो, त्यामुळे पंढरपूर त्याच्या कक्षेबाहेरच राहतं. २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी कृष्णधवल रंगात हीच गोष्ट पुन्हा पडद्यावर आणली, तेव्हा मोठेपणीचे गुरुजीही दिसले. ती भूमिका ओम भूतकर यांनी केली.