कै. पालवणकर बाळू : कीर्तिमंदिराबाहेर राहिलेला खेळाडू

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं मैदानावर चिखल झाल्यामुळें खेळाच्या तासाला मुलें वर्गांतच बसलीं होतीं, आणि बसल्याबसल्या त्यांच्यांत एक वाद निघाला. खेळ सोडलेल्या जुन्या खेळाडूंपैकीं कोणाकोणाचीं नांवें सन्मानाच्या यादींत घालावीं, हा त्या वादाचा विषय होता. कोणी गावसकरांचें नांव घेतलें, कोणी विनू मांकड यांचें. कोणी धावा मोजूं लागला, तर कोणी बळी. मीं सहज विचारलें कीं, ज्या खेळाडूस कसोटी सामना खेळावयास मिळालाच नाहीं, त्याचें काय करावें? वर्ग क्षणभर स्तब्ध झाला. पालवणकर बाळू हें नांव त्यांच्यापैकीं एकानेंही ऐकलेलें नव्हतें. त्या मुलांकरितां, आणि त्यांच्या आईबापांकरितांही, हें लहानसें चरित्र लिहीत आहें.

बाळू यांचा जन्म 1876 च्या सुमारास धारवाड येथें एका चांभार कुटुंबांत झाला. घराणें मूळचें कोंकणांतील पालवण गांवचें. वडील लष्करी खात्यांत नोकरीस असल्यामुळें कुटुंब पुण्यास राहिलें, आणि गोऱ्या अंमलदारांनीं टाकून दिलेल्या फळ्या व चेंडू घेऊन बाळू व त्यांचे धाकटे बंधु शिवराम क्रिकेट शिकले. घरच्या गरिबीमुळें बाळू यांस लहानपणींच चाकरी धरावी लागली. पुण्याच्या एका पारशी क्लबांत खेळपट्टी झाडणें व तीवर रूळ फिरविणें हें त्यांचें काम, आणि दरमहा 3 रुपये हा त्यांचा पगार. पुढें 1892 च्या सुमारास ते युरोपियन लोकांच्या पूना क्लबांत 4 रुपयांवर गेले. तेथें खेळपट्टी आंखणें आणि जाळीं उभारणें हीं कामें करतां करतां साहेब लोकांस सरावासाठीं चेंडू टाकण्याचें काम त्यांच्याकडे आलें.

बाळू डावखुरे संथ गोलंदाज होते. चेंडू दोन्ही बाजूंस वळविणें, त्याची उंची व गति क्षणोक्षणीं बदलणें, आणि हें सारें करीत असतां टप्पा न चुकविणें, ही त्यांची विद्या होती. कॅप्टन ग्रेग हे त्या काळचे नामांकित फलंदाज. बाळू यांनीं आपणांस बाद केलें कीं ते दर खेपेस आठ आणे बक्षीस देत, असें सांगतात. अशा सरावांत बाळू यांनीं तासन् तास चेंडू टाकले. परंतु फळी मात्र त्यांच्या हातीं कोणी दिली नाहीं. फलंदाजी हा साहेबांचा मान होता आणि गोलंदाजी हें चाकराचें काम होतें.

त्यांची कीर्ति हिंदु क्लबाच्या कानीं गेली, तेव्हां तेथें मोठा पेंच पडला. सामना जिंकावयाचा तर बाळू हवेत, आणि बाळू हवेत तर अस्पृश्य मानलेल्या माणसास संघांत घेतलें पाहिजे. शेवटीं त्यांस घेतलें, पण कसें? मैदानावर त्यांनीं टाकलेला चेंडू सर्वांनीं हातांत घ्यावा, आणि चहाची वेळ झाली कीं बाळू यांनीं मंडपाबाहेर उभें राहून मातीच्या वेगळ्या भांड्यांतून चहा घ्यावा! त्यांचें जेवणही निराळें, पानही निराळें. ज्यांच्या बळावर विजय मिळे, त्यांसच पंक्तींत जागा नसे. पुढें त्यांच्या गोलंदाजीनें युरोपियन संघ हरूं लागले, तेव्हां न्यायमूर्ति रानडे यांच्यासारख्या थोर पुरुषांनीं त्यांचा जाहीर गौरव केला आणि हा भेद हळूहळू कांहींसा सैल झाला.

पुण्यांत प्लेगची सांथ आल्यानंतर बाळू मुंबईस गेले आणि हिंदु जिमखान्याकडून खेळूं लागले. 1906 सालीं हिंदूंनीं युरोपियनांचा 109 धावांनीं पराभव केला. राज्यकर्त्यांवर मिळविलेला तो विजय देशभर गाजला, आणि त्यांत बाळूंच्या गोलंदाजीचा वांटा फार मोठा होता. 1911 सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ इंग्लंडास गेला. संघ बहुतेक सामने हरला. परंतु बाळू यांनीं त्या एका दौऱ्यांत 114 बळी घेतले. परक्या हवेंत, परक्या खेळपट्ट्यांवर, पस्तिशीच्या घरांत असलेल्या माणसानें हें करून दाखविलें. ते परत आल्यावर मुंबईच्या दलित समाजानें त्यांचा सत्कार केला. पुढें लवकरच सार्वजनिक कार्यांत उतरलेले डॉ. आंबेडकर बाळू यांस आपल्या समाजाचें भूषण मानीत.

इतकें असूनही हिंदु संघाचें कर्णधारपद त्यांस कधींच मिळालें नाहीं. 1910 पासून दहा वर्षें हा प्रश्न पुनःपुन्हां निघाला आणि दर वेळीं मागें टाकला गेला. 1913 सालीं कर्णधार झालेले पै यांनीं तर हा मान वस्तुतः बाळूंचा होता असें मोकळ्या मनानें सांगितलें. 1920 सालीं बाळू यांस संघांतूनच वगळलें, तेव्हां शिवराम व विठ्ठल हे त्यांचे बंधु संघांतून बाहेर पडले. लोकमत खवळलें, समेट झाला, बाळू उपकर्णधार झाले, आणि एका सामन्यांत पै मैदानाबाहेर गेल्यामुळें थोडा वेळ कां होईना, संघ बाळूंच्या हुकमाखालीं खेळला. जें थोरल्या भावास मिळालें नाहीं, तें धाकट्यास मिळालें. 1923 सालीं विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या संघानें युरोपियनांस हरविलें.

खेळ सोडल्यावर बाळू राजकारणांत पडले. 1932 सालीं मतदारसंघांच्या प्रश्नावर त्यांचें डॉ. आंबेडकरांशीं पटलें नाहीं, आणि 1937 च्या निवडणुकींत ते काँग्रेसच्या वतीनें त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. डॉ. आंबेडकरांस 13,245 मतें पडलीं, बाळूंस 11,225. एकेकाळीं ज्यांनीं त्यांचा गौरव केला, त्यांच्यापासूनही ते अशा रीतीनें दूर गेले. 4 जुलै 1955 रोजीं मुंबईस त्यांचें निधन झालें.

आतां मूळ वादाकडे वळूं. अमेरिकेंत बेसबॉल नांवाचा चेंडूफळीचा खेळ लोकप्रिय आहे. त्याच्या निवृत्त खेळाडूंकरितां न्यूयॉर्क राज्यांतील कूपर्सटाउन येथें एक कीर्तिमंदिर, म्हणजे हॉल ऑफ फेम, आहे. 1936 सालीं पहिली निवड झाली. आणि दरवर्षीं कोणास घ्यावें, कोणास न घ्यावें, यावर तेथें कडाक्याचा वाद चालतो. क्रिकेटचेंही असें कीर्तिमंदिर 2009 सालीं आंतरराष्ट्रीय मंडळानें स्थापिलें. 2021 सालीं जुन्या काळांतील दहा खेळाडूंची विशेष निवड झाली, तींत विनू मांकड यांचा योग्य गौरव झाला. बाळूंचें नांव तींत नव्हतें.

विरुद्ध बाजूचें म्हणणें टाकाऊ नाहीं. बाळू यांचे प्रथम दर्जाचे सामने अवघे 33, आणि कसोटी सामना एकही नाहीं. मग तुलना कशाशीं करावी? परंतु भारतानें पहिला कसोटी सामना 1932 सालीं खेळला, त्या वेळीं बाळूंचें वय 56 च्या सुमारास होतें. त्या 33 सामन्यांत त्यांनीं 179 बळी घेतले आणि प्रत्येक बळीस सरासरीनें केवळ 15.21 धावा दिल्या. ज्यास दारांतच अडविलें, त्यास तूं आंत कां आला नाहींस असें विचारणें न्यायाचें नव्हे.

अमेरिकेनें हें कालांतरानें ओळखलें. तेथें कृष्णवर्णीय खेळाडूंस 1947 पर्यंत मुख्य संघांत प्रवेश नव्हता, म्हणून त्यांनीं आपल्या निराळ्या संघांतून खेळावें. तेथील महान् गोलंदाज सॅचेल पेज यांस 1971 सालीं कीर्तिमंदिरांत घेण्याचें ठरलें, तेव्हां आरंभीं त्यांची जागाही निराळी ठेवण्याचा बेत होता. लोकांनीं धिक्कार केल्यावर तो सोडावा लागला. 2020 सालीं त्या निराळ्या संघांच्या सामन्यांस मुख्य दर्जा देण्यांत आला, आणि 2024 सालीं त्यांचे आंकडे मुख्य नोंदींत मिळविण्यांत आले. माप चुकलें होतें, तें त्यांनीं दुरुस्त केलें.

पालकहो, एक गोष्ट कबूल करतों. बऱ्याच वर्षांपूर्वीं आमच्या खो-खोच्या संघांतील सर्वांत चपळ मुलगा एका शेतमजुराचा होता. कर्णधार निवडतांना मीं दुसऱ्याच मुलाचें नांव दिलें, कारण पाहुण्यांसमोर तो नीट बोलेल असें मला वाटलें. त्या शेतमजुराच्या मुलानें तक्रार केली नाहीं. पुढल्या वर्षीं तो खेळावयास आलाच नाहीं. बाळूंचें चरित्र वाचतांना मला त्याचा चेहरा दिसतो.

विद्यार्थिमित्रहो, बाळूंचें नांव कोण्या दूरच्या कीर्तिमंदिरांत केव्हां जाईल तें आपल्या हातीं नाहीं. परंतु आपल्या संघाचा कर्णधार निवडणें, आणि सामना संपल्यावर सर्वांनीं एकाच पंगतींत बसणें, हें मात्र आपल्या हातीं आहे. तेवढें केलें, तरी त्या थोर खेळाडूचें ऋण कांहीं अंशीं फिटेल.