पंडिता रमाबाई : विद्येचा विनियोग

पंडिता रमाबाईंचे नाव घेतले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहते ती कलकत्त्याच्या विद्वत्सभेत अस्खलित संस्कृतात बोलणारी वीस वर्षांची तरुणी. त्यापाठोपाठ आठवतो तो त्यांच्या धर्मांतराचा आणि शारदासदनाचा वाद. त्या वादावर आपल्याकडे इतके लिहिले गेले की, त्यानंतर रमाबाई पंचवीस वर्षे जगल्या आणि त्या काळात त्यांनी काय केले, हे सांगायला चरित्रकारांपाशी फारशी शाई उरली नाही. देवदत्त नारायण टिळकांचे १९६० सालचे चरित्र हा त्यातला सन्माननीय अपवाद. वस्तुतः रमाबाईंचे खरे कार्य त्या शेवटल्या पंचवीस वर्षांतच आहे, आणि ते झाले पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव नावाच्या एका लहानशा गावी.

मात्र केडगाव समजून घ्यायचे तर आरंभ गंगामूळच्या अरण्यातून करावा लागतो. अनंतशास्त्री डोंगरे हे कर्नाटकात स्थायिक झालेल्या चित्पावन घराण्यातले. विद्यार्थिदशेत ते पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी शिकत होते. साठेशास्त्री पेशव्यांच्या वाड्यात बाजीरावांच्या पत्नीला संस्कृत शिकवीत. ते पाहून आपणही आपल्या पत्नीस शिकवावे, असे या तरुणाच्या मनाने घेतले. प्रथम पत्नीच्या वेळी ते साधले नाही. दुसऱ्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र शिकल्या. स्त्रीला देवभाषा शिकविल्याबद्दल शास्त्रीबोवांना उडुपीच्या धर्मसभेपुढे आपली बाजू मांडावी लागली. पुढे त्यांनी वस्ती सोडून सह्याद्रीतील गंगामूळ येथे आश्रम बांधला. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. त्या काही महिन्यांच्या असतानाच आश्रम मोडला. वेताच्या पेटाऱ्यात ठेवलेली ही मुलगी एका गड्याच्या डोक्यावरून डोंगर उतरली आणि कुटुंबाची तीर्थयात्रा सुरू झाली. पुढली सोळा वर्षे त्यांना घर असे नव्हतेच.

वडील थकले होते, म्हणून रमाबाईंना आईने शिकविले. दिवसभर संसाराचा रगाडा असे. त्यामुळे शिकवायला वेळ उरे तो पहाटेचा. झोपेने पेंगुळलेल्या मुलीला मांडीवर घेऊन, पाखरे जागी होण्याच्या सुमारास, लक्ष्मीबाई तिच्याकडून श्लोक म्हणवून घेत. लहान वयातच भागवताचे अठरा हजार श्लोक रमाबाईंना मुखोद्गत झाले ते अशा चोरून काढलेल्या घटकांतून. आयुष्यात वेळ कसा काढावा लागतो, हे त्या शाळेत नव्हे तर आईच्या मांडीवर शिकल्या.

मग दुष्काळ आला. १८७४ पासूनच्या त्या वर्षांत या पुराणिक कुटुंबाने होते नव्हते ते दागिने, भांडी, वस्त्रे विकली, ब्राह्मणभोजने घातली, अनुष्ठाने केली. शास्त्राध्ययन करणाऱ्याने मोलमजुरी करावी हे त्यांच्या कल्पनेतच बसत नव्हते. भीक मागण्याचीही लाज. परिणामी रानातला पाला खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. वडील गेले आणि थोड्याच अवधीत आईही गेली. आई तापात असताना तिच्यासाठी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला रमाबाई शेजारच्या घरी गेल्या. पण दारात उभे राहून तोंडातून शब्द फुटेना. आईच्या तिरडीला चार खांदेही मिळेनात. दोघा ब्राह्मणांची कशीबशी मनधरणी झाली, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या रमाबाई. त्या ठेंगण्या असल्यामुळे त्यांनी आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. पुढे बहीण पटकीने वारली. उरलेली दोघे भावंडे हजारो मैल पायी हिंडली. झेलमच्या काठी थंडीच्या रात्री वाळूत खड्डा करून, अंगावर वाळू ओढून ती झोपली. १८७८ साली कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या ज्या मुलीला मिळाल्या, ती हीच. तिच्या विद्वत्तेचे कौतुक करणाऱ्या सभेला तिच्या मागचा हा प्रवास कितपत ठाऊक होता, कोण जाणे.

पुढचे प्रसंग परिचित आहेत. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या वंगीय वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह झाला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या आरंभी पती पटकीने गेले. रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिले, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली. १८८३ साली वैद्यक शिकण्याच्या उद्देशाने त्या इंग्लंडला गेल्या. कानांनी दगा दिला. ऐकू कमी येऊ लागले आणि वैद्यकाचा विचार सोडावा लागला.

इंग्लंडमधील वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्या राहिल्या. या भगिनींचे लंडनच्या फुलहॅम भागात एक घर होते. समाजाने टाकून दिलेल्या, वाट चुकलेल्या म्हणून ज्यांचा उल्लेख होई, अशा स्त्रियांना तेथे आसरा मिळे. शिकलेल्या, कुलीन स्त्रिया आपले दिवसचे दिवस अशांसाठी खर्च करतात, त्यांच्याशी प्रेमाने बोलतात, हे रमाबाईंनी तेथे प्रथम पाहिले. ज्या धर्मशास्त्रात त्यांचा जन्म गेला, त्यात अशा स्त्रीला प्रायश्चित्ताखेरीज काही सांगितल्याचे त्यांना आठवेना. ही प्रेरणा कोठून येते, असे त्यांनी विचारले तेव्हा विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी स्त्रीची आणि तिच्याशी बोलत बसलेल्या येशूची कथा त्यांना दाखविण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. रमाबाईंच्या धर्मांतराची कारणमीमांसा अनेकांनी अनेक प्रकारे केली आहे. त्यांच्या स्वतःच्या निवेदनात हे फुलहॅमचे घर पुढे आहे, एवढे तरी लक्षात घ्यायला हवे. धर्मांतर केले म्हणून त्यांनी आपली बुद्धी कोणाच्या स्वाधीन केली नाही. मठातील गुरुभगिनींशी त्यांचा सिद्धान्तांवरून आणि अधिकारावरून पत्रांतून खडाजंगी वाद चाले.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत व्याख्याने देत हिंडल्या. बोस्टनला रमाबाई असोसिएशन निघाली आणि तिने दहा वर्षे मदतीचे आश्वासन दिले. या प्रवासाचे फळ म्हणजे १८८९ चे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’. जुन्या ग्रंथालयाच्या कपाटात हे पुस्तक असेल तर ते अवश्य काढून वाचावे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास गेले. गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, येथल्याच पहिल्या विद्यार्थिनींपैकी. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही, अशी अट होती. रमाबाईंनी ते दिले नाही. परंतु त्यांची स्वतःची प्रार्थना उघड्या दाराने चाले आणि काही मुली तेथे येऊन बसत. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली, आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळ सोडले. आज दूरवरून पाहता, विश्वासाने मुली पाठविणाऱ्या पालकांचा आक्षेप निराधार होता असे म्हणता येणार नाही. पण स्वतःच्या घरात स्वतःच्या देवाचे नाव दार लावून घ्यावे, ही अपेक्षाही रमाबाईंसारख्या बाईकडून पुरी होण्यासारखी नव्हती. विशेषतः बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांची श्रद्धा अधिक अंतर्मुख झाली होती. तोवर आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा आशयाचे त्यांनी पुढे लिहिले आहे.

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतातील दुष्काळाच्या बातम्या येऊ लागल्या. बोस्टनच्या मदतीची दहा वर्षे संपत आली होती, हाती शिल्लक नव्हती. स्नेह्यांनी थांबण्याचा सल्ला दिला, आणि व्यवहाराच्या दृष्टीने तो बरोबरच होता. पण वीस वर्षांपूर्वी शेजारणीच्या दारात मुकी उभी राहिलेली मुलगी अजून त्यांच्यात जागी होती. त्या स्वतः निघाल्या. दुष्काळी छावण्यांत, रस्त्यांच्या कडेला, धर्मशाळांतून त्यांनी मुली आणि बालविधवा गोळा केल्या. ज्यांच्यावर कोणाची नजर नाही अशा मुलींवर कोणाकोणाची नजर असते, हे त्यांनी तेथे पाहिले, आणि म्हणूनच त्या घाई करीत होत्या. तीनशे मुलींचा त्यांनी संकल्प केला होता.

इकडे पुण्यात प्लेग होता. शहरात नव्या मुली आणण्यास सरकारी बंदी झाली. प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची होणारी आबाळ रमाबाईंनी १८९७ साली वृत्तपत्रात इतक्या स्पष्ट शब्दांत मांडली की तो प्रश्न विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेला. मुली ठेवायच्या कोठे? केडगावला त्यांनी फळबागेसाठी शंभरेक एकर जमीन घेऊन ठेवली होती. तेथे तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या, विहिरी खणल्या गेल्या. हेच मुक्तिसदन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

हा आकडा वाचायला सोपा आहे. पण त्यातल्या प्रत्येकीला न्हाऊ घालायचे, फोड धुवायचे, केसांतल्या उवा काढायच्या, उपाशी आतड्याला सोसेल एवढेच अन्न बेताने द्यायचे. शारदासदन ही बुद्धिमान मुलींची शाळा होती; येथे आलेल्या बहुतेकींना अक्षर ठाऊक नव्हते. प्रश्न मनुष्यबळाचा होता, आणि रमाबाईंनी तो मुलींतूनच सोडविला. जराशी सावरलेली मोठी मुलगी दोन लहानग्यांची आई होई. माग, तेलघाणा, दूधदुभते, शेती, शिवण, धुलाई अशी एकेक खाती निघाली. छापखाना निघाला, खिळे जुळविणे, छपाई, पुस्तकबांधणी ही कामे मुलीच करीत. अंध मुलींसाठी मनोरमेने ब्रेल शिकून ती लिपी येथे आणली. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन झाले. फुलहॅमचे ते घर सोळा वर्षांनी भीमथडीच्या माळावर उभे राहिले, म्हणायचे!

१८८९ च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात प्रतिनिधी म्हणून बसलेल्या, तीन खंडांत गाजलेल्या या वक्त्या बाई केडगावी स्थिरावल्यावर सभांतून दिसेनाशा झाल्या. आमंत्रणे येत, पण त्या जात नसत. सुशिक्षित समाजाने त्यांना विसरायला हे एक कारण पुरे झाले. त्यांच्यालेखी मात्र आपले आयुष्य आता आपले उरले नव्हते. ज्याचे ते होते त्याने या मुली पाठविल्या होत्या, आणि दिवसाचे तास त्यांच्या हिशेबी जमा होते. पैशाकरिता त्या कोणापुढे पदर पसरीत नसत, प्रार्थना करीत. ज्यांना हे भाबडेपण वाटते त्यांनी एवढे पाहावे की, मदत उशिरा आली म्हणून त्यांनी मुलींना माघारी धाडले नाही.

निजामाच्या राज्यात गुलबर्ग्यासही त्यांनी मुलींची शाळा काढली, तिची धुरा मनोरमेने वाहिली. याच लोहमार्गाने पुढे गेले की गुलबर्गा लागते. ज्या दक्षिणेत दुष्काळाने त्यांचे घर पुसून टाकले, तिच्या वेशीपर्यंत त्यांचे काम असे परत गेले.

१९०५ च्या सुमारास, सत्तेचाळीस वर्षांच्या वयात, रमाबाईंनी एक नवे काम अंगावर घेतले. मुक्तिसदनातल्या नवसाक्षर मुलींना बायबल वाचायला दिले तर ते कळेना. उपलब्ध मराठी भाषांतर पंडिती वळणाचे होते. तेव्हा मुळापासून नवे भाषांतर करायचे त्यांनी ठरविले, आणि मूळ म्हणजे हिब्रू व ग्रीक. त्या भाषांचा त्यांनी कसून अभ्यास केला, आपल्या सहकारी मुलींसाठी त्यांची व्याकरणे मराठीत रचली. दोन हजार माणसांच्या संसारातून या कामाला वेळ काढायचा, तो अठरा वर्षे. बहिरेपण वाढत होते. निदान या मेजावर ते आड येत नव्हते.

या भाषांतराविषयी मतभेद आहेत. वाङ्मयीन रुचीच्या वाचकाला ते रुक्ष वाटते. शब्दाला शब्द धरून चालण्याच्या आग्रहामुळे वाक्ये कित्येकदा अडखळतात. हे खरे आहे. पण अठरा हजार श्लोक जिच्या जिभेवर, ती बाई आपल्याच वाक्यातले संस्कृत शब्द एकेक करून काढून टाकीत होती, आणि त्या जागी विहिरीवरच्या बायकांच्या तोंडचे शब्द बसवीत होती. कलकत्त्याच्या पंडितांनी दिलेल्या पदवीचा याहून वेगळा विनियोग कोणी केला असेल असे वाटत नाही.

१९१२ च्या सुमारास नवा करार छापून झाला. १९१९ साली सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. जुन्या कराराचे काम चालू होते. आपल्यामागे मनोरमा हे सारे सांभाळील, अशी धारणा होती; पण २४ जुलै १९२१ रोजी चाळिशीची मनोरमाच गेली. आई, वडील, बहीण, भाऊ, पती यांच्यामागून आता लेक. रमाबाई पुन्हा मुद्रितांकडे वळल्या. काम पुरे होईतो आयुष्य दे, अशी त्यांची प्रार्थना असे, असे त्यांच्या सहवासातील माणसे सांगत. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या, तेव्हा शेवटची मुद्रिते तपासून झाली होती.

संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले. खिळे मुक्तिसदनच्याच मुलींनी जुळविले होते.